अंग थकतं, डोळा लागत नाही: केमोच्या रात्रींचा हिशेब

पहिल्या केमोच्या रात्री दोन वाजता ताईने कपाट आवरायला काढलं होतं. दिवसभर हाताला सलाईन, डोक्यात उलटीची धास्ती. घरी आल्यावर ही आडवी होईल ती थेट सकाळीच उठेल, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. मी पाणी प्यायला उठलो तर ही जमिनीवर बसून कपड्यांच्या चांगल्या असलेल्या घड्या मोडून पुन्हा घालत होती. "झोप येत नाहीये का?" म्हटलं, तर म्हणाली, "झोपेचं सोड रे, मला वाटतंय आत्ता अख्खं घर पुसून काढावं."

पाचव्या दिवशी त्याच ताईला पलंगापासून बाथरूमपर्यंत जाताना मधेच भिंत धरावी लागत होती. दिवसभर ती पडून होती. आणि त्याही रात्री डोळे टक्क उघडे.

वरवर पाहिलं तर दोन्ही रात्रींची तक्रार एकच, झोप नाही. पण पहिल्या रात्रीचं कारण एक गोळी होती आणि पाचव्या रात्रीचं कारण बऱ्याच अंशी आम्ही घरचेच होतो. हे कळायला केमोची तिसरी सायकल, म्हणजे औषधांची तिसरी फेरी, उजाडावी लागली.

केमो घेणाऱ्यांची झोप बिघडते हे कुणालाही ठाऊक असतं, पण किती जणांची, याचा आकडा वाचून मी चमकलो होतो. अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात ८२३ रुग्णांच्या पहिल्या सायकलमधल्या सातव्या दिवसाची नोंद आहे. ४३ टक्के लोकांची अवस्था निद्रानाश हा आजारच म्हणावा इतकी होती. आणखी जवळपास ३७ टक्क्यांना त्याची लक्षणं होती. म्हणजे दहातल्या आठ जणांच्या झोपेचं काही ना काही बिनसलेलं. सर्वसाधारण लोकांच्या मानाने निद्रानाशाचं हे प्रमाण सुमारे तिप्पट. बरं, दुसऱ्या सायकलपर्यंत शरीर सरावेल म्हणावं, तर निद्रानाशाची लक्षणं असलेल्यांपैकी ६० टक्के लोक दुसऱ्या सायकललाही होते तिथेच.

आणि तरी तपासणीच्या खोलीत हा विषय निघतच नाही. रक्तपेशींचे काउंट किती आले, उलट्या झाल्या का, ताप होता का, पुढची तारीख कोणती, यात वेळ संपतो. झोपेबद्दल कुणी बोललंच तर खुर्चीतून उठता उठता, तेही हसून. "केमो चालू आहे म्हटल्यावर एवढं व्हायचंच," असं रुग्णच म्हणून टाकतो आणि घरचे मान डोलावतात.

माझा या 'व्हायचंच'शी वाद आहे. केमोतला निद्रानाश ही एक तक्रार नसते, त्या चार-पाच वेगवेगळ्या तक्रारी एकाच नावाखाली दडलेल्या असतात. त्यातल्या काहींवर अगदी साधा उपाय असतो, कधी कधी गोळीची फक्त वेळ बदलण्याइतका. फक्त कुठली रात्र कशामुळे गेली, हे आधी ओळखायला लागतं.

झोपेची भूक आणि झोपेचं घड्याळ

त्यासाठी झोप लागते कशी, ते थोडं समजून घेऊ. आलेक्झांडर बोर्बेली या शास्त्रज्ञाने १९८२ मध्ये मांडलेलं चित्र आजही कामाचं आहे. त्यात दोन गोष्टी आहेत.

पहिली, झोपेची भूक. जागेपणी मेंदू काम करत असतो, तसतसं त्यात अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं. जितका वेळ जागे, तितका साठा मोठा आणि तितकी झोपेची भूक जास्त. झोपलं की साठा उतरतो. चहा-कॉफीतलं कॅफीन नेमकं या अ‍ॅडेनोसिनची जागा अडवून बसतं, म्हणून ते प्यायल्यावर तरतरी येते. पोटाच्या भुकेचा नियम इथेही लागू आहे. संध्याकाळी पाच वाजता पोटभर खाल्लं की रात्रीच्या जेवणावर वासना राहत नाही.

दुसरी गोष्ट घड्याळ. डोळ्यांकडून येणाऱ्या नसा मेंदूत जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या जरा वर साधारण २०,००० पेशींचा एक बारीकसा पुंजका आहे. दिवस कुठला नि रात्र कुठली, हे शरीराला तोच सांगतो, आणि त्याला स्वतःला ते मुख्यतः डोळ्यांत शिरणाऱ्या प्रकाशावरून कळतं. पहाटे कॉर्टिसॉल हे संप्रेरक चढतं, अंगात उठायची तयारी होते. रात्री मेलाटोनिन वाढतं, शरीराचं तापमान थोडं उतरतं, आणि दार आतून लावल्यासारखं शांत होतं.

भूक भरपूर आणि घड्याळही रात्र दाखवतंय, अशी दोघांची गाठ पडली की डोळा लागतो. केमोच्या दिवसांत भूकही मरते आणि घड्याळही चुकतं. शिवाय लागलेला डोळा उघडायला टपलेल्या गोष्टी वेगळ्याच.

कपाट आवरणारी गोळी

ताईच्या पहिल्या रात्रीची गोळी होती डेक्सामेथासोन. केमोच्या वॉर्डात तिला सगळे 'डेक्सा' म्हणतात. हे स्टेरॉईड आहे. ते मुख्यतः उलट्या होऊ नयेत म्हणून देतात, आणि पॅक्लिटॅक्सेल किंवा डोसेटॅक्सेलसारख्या औषधांची अ‍ॅलर्जी उसळू नये म्हणूनही देतात. अनेकांना केमोच्या दिवशी शिरेतून आणि पुढचे दोन-तीन दिवस गोळ्यांतून ते मिळतं.

वर ज्या कॉर्टिसॉलचा उल्लेख केला, त्याचाच हा बलदंड भाऊ. सूज कमी करण्याच्या ताकदीत डेक्सा कॉर्टिसॉलच्या सुमारे २५ पट. म्हणजे ८ मिलिग्रॅम डेक्सा घेतलं की ते साधारण २०० मिलिग्रॅम कॉर्टिसॉलच्या तोडीचं. निरोगी शरीर दिवसभरात स्वतः बनवतं ते जेमतेम १० ते २० मिलिग्रॅमच्या घरात. त्यात डेक्साचा अंमल ३६ ते ५४ तास टिकतो, म्हणजे आजचा पुरता उतरायच्या आत उद्याचा डोस हजर. शरीराच्या दृष्टीने रात्री दोन वाजताही पहाट झालेली असते. मन धावत सुटतं, बोलणं वाढतं, कामं सुचतात, चेहरा लालसर दिसतो, साखर चढते. काही जण चिडचिडे होतात, काहींना उगाच रडू येतं. मग डेक्सा थांबलं की एक-दोन दिवसांत फुग्यातली हवा गेल्यासारखं अंग बसतं. ताईचा तो भिंत धरून चालण्याचा दिवस असाच आला होता.

यात करण्यासारखं काय? चिठ्ठीवर दिवसातून दोनदा लिहिलेली ही गोळी आम्ही सरळ सकाळी आणि रात्रीच्या जेवणानंतर देत होतो. 'दोनदा' म्हटलं की सकाळ-रात्र हे आपल्या हाडात भिनलेलं असतं. डॉक्टरांना विचारल्यावर त्यांनी दुसरी गोळी दुपारी दोनच्या आत घ्यायला सांगितली, आणि पुढच्या वेळी दिवसाची सगळी मात्रा सकाळीच करून दिली. या बदलाने स्टेरॉईड निष्प्रभ होत नाही, उलट्यांवर ते चालतच राहतं, पण रात्रीचा जोर बराच ओसरतो. काही उपचारांत मात्रा किंवा दिवस कमीही करता येतात, पण तो निर्णय डॉक्टरांचा. झोप येत नाही म्हणून स्वतःच्या मनाने ही गोळी बंद करणं मात्र धोक्याचं. उलट्यांनी आडवं व्हाल, आणि अ‍ॅलर्जी टाळण्यासाठी दिलेली असेल तर पुढच्या सलाईनच्या वेळी जिवावरही बेतू शकतं.

पेंग वेगळी, ग्लानी वेगळी

आता पाचवी रात्र. आपल्या भाषेत या बाबतीत शब्दांची श्रीमंती आहे. पेंग येते, डुलकी लागते, झापड येते, गुंगी चढते, ग्लानी येते. आजारी माणसाजवळ बसणाऱ्यांनी या शब्दांतला फरक पुन्हा एकदा नीट ओळखायला हवा.

पेंग म्हणजे झोपेची भूक. वाचता वाचता पुस्तक हातातून गळतं, आडवं झालं की पाच-दहा मिनिटांत घोरणं सुरू. गुंगी बहुधा औषधाची. आणि केमोतला थकवा हा ग्लानीच्या जातीचा. हातपाय शिशाचे झालेत, बोलायला नको वाटतं, पण डोळे मिटले तरी आत कुणीतरी जागंच आहे. पेंग झोपेने जाते. हा थकवा झोपूनही जातोच असं नाही, आणि नुसतं पडून राहून तर तो हटकून वाढतो.

असं का होतं? केमोने पेशी मरतात, कर्करोगाच्याही आणि काही निरोगीही. या उलथापालथीत शरीर दाहाचे निरोप पाठवू लागतं. इंटरल्यूकिन-६, टीएनएफ-अल्फा अशी या निरोप्यांची नावं आहेत. तापात आपल्याला कोपऱ्यात पडून राहावंसं वाटतं, अन्न नको होतं, माणसं नको होतात, ते याच निरोप्यांमुळे. संसर्गाच्या चार दिवसांत ही सोय शहाणपणाची असते. केमोत मात्र ते निरोप महिनोन् महिने येत राहतात. जोडीला हिमोग्लोबिन उतरलेलं असलं की विचारूच नका.

तर माणूस थकलेला दिसतो. घरचे काय करतात? आम्ही जे केलं तेच. पडदे ओढले, खोलीत अंधार केला, दार लोटून घेतलं, "तू अजिबात उठू नकोस" म्हणून बजावलं. ताई सकाळी नऊला पडायची, अकराला थोडा डोळा लागायचा, दुपारी दीड तास, संध्याकाळी पुन्हा अर्धा तास. या तुकड्या-तुकड्यांच्या झोपेने थकवा गेला नाहीच, रात्रीची भूक मात्र मेली. आणि अंधाऱ्या खोलीमुळे मेंदूतल्या घड्याळाला दिवस उगवल्याचं कळलंच नाही. मायेपोटी आम्ही तिची झोपेची भूकही मारली आणि घड्याळही थांबवलं.

स्तनाच्या कर्करोगासाठी केमो घेणाऱ्या स्त्रियांच्या मनगटावर हालचाल टिपणारं छोटं यंत्र बांधून केलेला एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या केमोनंतर दिवस-रात्रीची लय विस्कटली, पण ती तात्पुरती होती, घडी पुन्हा बसली. जसजशा सायकली होत गेल्या तसतसा बिघाड जास्त होत गेला आणि जास्त काळ टिकू लागला. म्हणून "सगळे केमो संपू देत, मग झोपेचं बघू" हा हिशेब चुकतो. लय सांभाळायची ती पहिल्या-दुसऱ्या सायकलपासूनच.

सांभाळायची म्हणजे फार काही नाही. सकाळी ठरल्या वेळी उठून उजेडात बसायचं. खिडकीशी, जमलं तर मोकळ्या जागेत, अर्धा तास. ढगाळ दिवशीही बाहेरचा प्रकाश घरातल्या दिव्यांच्या कित्येक पट असतो. केमो चालू असलेल्या स्त्रियांच्या एका गटाला रोज सकाळी अर्धा तास लख्ख पांढऱ्या दिव्यासमोर आणि दुसऱ्या गटाला मंद लाल दिव्यासमोर बसवून संशोधकांनी पाहिलं आहे. लख्ख उजेडातल्या स्त्रियांची लय कमी बिघडली. काही केमोंमुळे त्वचा उन्हाला हळवी होते, तेव्हा कोवळं ऊन किंवा सावलीतला उजेडच बरा.

दुपारची झोप एकदाच, तीनच्या आत, गजर लावून वीस ते तीस मिनिटं. आणि थोडं चालणं. ज्या दिवशी जमेल त्या दिवशी, जितकं जमेल तितकंच. थकव्यावर चालायला सांगणं निर्दयपणाचं वाटतं, मलाही वाटलं होतं. पण केमोतल्या थकव्यावर ज्या उपायांचा पुरावा सर्वात भक्कम आहे त्यात हलकी हालचाल वरच्या क्रमांकावर येते. काउंट फारच खाली असतील, हाडांत कर्करोग उतरला असेल किंवा धाप लागत असेल, तर किती चालायचं हे आधी विचारून घ्यावं.

मधेच उठवणाऱ्या गोष्टी

डोळा लागतो, पण तासा-दीड तासाने उघडतो, असंही अनेकांचं असतं. इथे प्रत्येकाचा शत्रू वेगळा.

सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध दिलं असेल तर मूत्रपिंड जपण्यासाठी सलाईनच्या बाटल्यांवर बाटल्या चढवलेल्या असतात, ते पाणी रात्री बाहेर पडणारच. सायक्लोफॉस्फामाईडलाही भरपूर पाणी प्यायला सांगतात, कारण ते औषध मूत्राशयात साचून राहिलं तर आतून जाळतं. तेव्हा झोपेसाठी पाणी तोडायचं नाही, त्यातलं जास्तीत जास्त संध्याकाळच्या आत संपवायचं. काहींच्या छातीच्या पोर्टला, म्हणजे शिरेत औषध सोडायला कातडीखाली बसवलेल्या डबीला, ४६ तास चालणारा औषधाचा पंप लावून घरी सोडतात. कूस बदलताना नळी ओढली जाईल या भीतीने माणूस लाकडासारखा उताणा पडून राहतो. पंपाची पिशवी कुठे ठेवायची, नळी अंगावर कशी चिकटवून घ्यायची, हे घरी निघण्याआधी नर्सकडून शिकून घेतलं की ही भीती बरीच जाते.

पॅक्लिटॅक्सेल, ऑक्सॅलिप्लॅटिन, व्हिन्क्रिस्टीन ही औषधं हातापायांच्या टोकांच्या नसांना दुखावतात. मुंग्या, जळजळ, सुया टोचल्यासारखं. दिवसा गडबडीत जाणवत नाही, रात्री सगळं शांत झालं की तेच मोठं होतं, पांघरुणाचा स्पर्शही नको होतो. वेदना असेल तर ड्युलॉक्सेटिनसारखं औषध उपयोगी पडतं, आणि काही वेळा केमोची मात्राच बदलावी लागते. म्हणून हे लपवायचं नाही. अनेक जण "केमो कमी करतील" या भीतीने मुंग्यांबद्दल बोलतच नाहीत.

पांढऱ्या पेशी वाढवणारं इंजेक्शन घेतल्यावर कंबर, मांड्या, छातीची हाडं ठणकतात. स्त्रियांमध्ये केमोने अंडाशयाचं काम थांबलं की रजोनिवृत्ती एकदम कोसळते. रात्री अंगातून वाफ निघते, घामाने चादर भिजते, मग थंडी वाजते. यावरही बिनहार्मोनची औषधं आहेत.

एक गोष्ट मात्र जरा थांबून सांगतो, कारण ती ओळखूच येत नाही. उलटीसाठी दिलेल्या काही औषधांनी, विशेषतः मेटोक्लोप्रमाईड आणि प्रोक्लोरपेराझिनने, काही जणांच्या अंगात विचित्र तगमग सुरू होते. एका जागी बसवत नाही, पडवत नाही, पाय हलवत राहावेत, उठून फेऱ्या माराव्यात, कातडीच्या आत कुणीतरी चालतंय असं वाटतं. घरच्यांना वाटतं हा घाबरलाय. रुग्णालाही वाटतं आपलं मन कमकुवत झालं. धीर दिला जातो, समजावलं जातं, आणि रात्री पुन्हा तीच गोळी दिली जाते. हा मनाचा खेळ नसतो, औषधाचा ज्ञात दुष्परिणाम असतो. डॉक्टरांना सांगितलं तर ते उलटीचं औषध बदलून देतात आणि तगमग ओसरते. संध्याकाळनंतरच पायांना ओढ लागत असेल आणि पाय हलवल्यावर बरं वाटत असेल, तर ती अस्वस्थ पायांची तक्रार असू शकते, मग रक्तातलं लोह तपासावं लागतं.

आणि ज्याला सकाळपर्यंत थांबायचं नाही ते हे. रात्री हुडहुडी भरली किंवा घामाने जाग आली, तर आधी थर्मामीटर लावायचा. ताप ३८ अंश सेल्सिअस म्हणजे १००.४ फॅरनहाईट किंवा त्याहून जास्त असेल तर त्याच क्षणी रुग्णालयात फोन. केमोनंतर साधारण सात ते चौदा दिवसांच्या टप्प्यात पांढऱ्या पेशी तळाला असतात, तेव्हाचा ताप तासाभरातही बळावतो. ताप न मोजता पॅरासिटामॉल देऊन झोपवणं ही मायेची पण महागात पडणारी चूक.

गादीशी पडलेलं वैर

समजा डेक्सा उतरलं, मुंग्या आटोक्यात आल्या, ताप नाही. तरीही झोप येत नाही. असं का?

भीती हे एक कारण आहेच. दिवसा माणसं असतात, फोन असतात. रात्री दिवा बंद झाला की स्कॅनचा रिपोर्ट, मुलांचं पुढे काय, ही गाठ पुन्हा येईल का, हे सगळे पाहुणे एकदम दारात. पण आर्थर स्पीलमन या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात दाखवून दिलं की निद्रानाश ज्या कारणाने सुरू होतो, त्याच कारणाने तो टिकतो असं नाही. सुरू होतो केमोने, भीतीने, वेदनेने. टिकतो तो आपण त्यावर केलेल्या उपायांनी. रात्री झोप झाली नाही म्हणून लवकर आठलाच गादीवर जायचं, सकाळी उशिरापर्यंत लोळायचं, दुपारी भरपाई करायची. परिणाम असा की गादीवर बारा तास आणि झोप पाच तास. उरलेले सात तास मेंदू एकच धडा गिरवतो, गादी ही जागं राहण्याची जागा आहे. सोफ्यावर पेंगणारा माणूस गादीवर पडताच टक्क जागा होतो, तो याच धड्यामुळे.

हा धडा पुसायची पद्धत आहे. तिला निद्रानाशासाठीची वर्तन-उपचारपद्धती म्हणतात. पेंग आल्याशिवाय गादीवर जायचं नाही. अंदाजे वीस मिनिटं डोळा लागला नाही तर उठून दुसरीकडे बसायचं, मंद उजेडात काहीतरी निरस करायचं, पेंग आली की परत यायचं. घड्याळ नजरेआड ठेवायचं. रात्र कशीही गेली तरी उठायची वेळ तीच. चिंतेसाठी संध्याकाळी वेगळी पंधरा मिनिटं काढून ती कागदावर उतरवायची. ऐकायला हे पोरकट वाटतं. पण अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये जुनाट निद्रानाशावर गोळ्यांच्या आधी हीच पद्धत वापरायला सांगितलं, आणि युरोपातल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्ये कर्करुग्णांसाठीही हिलाच पहिलं स्थान दिलं.

पूर्ण पद्धतीत गादीवरचे तास मुद्दाम कमी करण्याचा एक भाग असतो. केमो चालू असताना तो जपून, जाणकाराच्या देखरेखीखालीच करावा, आणि चक्कर किंवा फिट्सचा त्रास असणाऱ्यांनी स्वतःहून करूच नये. अशक्त माणसाला रात्री उठून दुसऱ्या खोलीत जाणं जमत नसेल तर गादीच्या पायथ्याशी खुर्ची ठेवली तरी चालते. ताईची तशीच होती.

झोपेच्या गोळ्यांबद्दल थोडं

गोळ्यांना माझा सरसकट विरोध नाही. डेक्साच्या दोन-तीन रात्रींपुरती डॉक्टरांनी दिलेली गोळी म्हणजे त्या रात्री सुटल्या. उलटीसाठी ओलान्झापिन दिलं असेल तर ते रात्री घेतल्यावर झोपेलाही हातभार लावतं, एका दगडात दोन पक्षी. अडचण येते ती बेहिशेबी गोळ्यांनी. मॉर्फीनसारखं वेदनाशामक चालू असताना लोराझेपाम किंवा तत्सम गोळी स्वतःहून घेतली तर श्वास मंदावू शकतो. रात्री झोपेच्या गुंगीत बाथरूमला जाताना पडलं आणि रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स कमी असल्या, तर साधा मारही भारी पडतो. वयस्कर माणसं सर्दीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्यांनी भ्रमिष्टासारखं बोलू लागतात. मेलाटोनिन त्या मानाने सौम्य आहे, पण त्याचा परिणामही सौम्यच.

'नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या गोष्टींची धास्ती जास्त वाटते. सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती मन शांत व्हावं म्हणून घेतली जाते. तिच्यामुळे यकृत काही औषधांचा निचरा इतक्या वेगाने करतं की इरिनोटेकान किंवा इमॅटिनिबसारखं कर्करोगाचं औषधच कमी पडतं. कुठलीही पुडी, काढा, थेंब घेण्याआधी त्याचं नाव डॉक्टरांच्या कानावर घालावं.

वही

तिसऱ्या सायकलला मी एक शाळकरी वही आणली. झोप मोजायला तयार प्रश्नावल्याही आहेत. पिट्सबर्गची १९८९ ची प्रश्नावली सगळ्यात प्रसिद्ध. मागच्या महिन्याची झोप ० ते २१ गुणांत मोजतात आणि पाचच्या वर गेलं की झोप वाईट. पण केमोत एका महिन्याची सरासरी काढून फारसं हाती लागत नाही, कारण दुसरी रात्र आणि बारावी रात्र यांचा एकमेकींशी संबंधच नसतो. म्हणून आम्ही साधं ठेवलं. वरती केमोचा कितवा दिवस, खाली रोज चार ओळी. गादीवर कधी गेली, अंदाजे किती झोपली, कशाने उठली, दिवसा किती वेळ पडली. शिवाय कुठली गोळी किती वाजता.

पहिल्या आठवड्याच्या नोंदी पाहून डॉक्टर दोन मिनिटं काही बोललेच नाहीत. मग पेनाने दोन ठिकाणी खुणा केल्या. डेक्साची रात्रीची गोळी, आणि 'पाय हलवत बसली, फेऱ्या मारल्या' असं लिहिलेल्या दोन ओळी. त्या दोन्ही दिवशी उलटीची जास्तीची गोळी दिलेली होती. "हे मला आधी कुणी सांगितलंच नाही," ते म्हणाले. तक्रारीचा सूर नव्हता त्यात. आम्ही सांगितलंच नव्हतं.

चौथ्या सायकलच्या नोंदी माझ्यासमोर आहेत. पहिली रात्र, साडेचार तास. दुसरी, पाच तास, लघवीला दोनदा. तिसरी, साडेपाच, पहाटे भीती वाटली, खुर्चीत बसले. चौथ्या रात्रीचं पान कोरं आहे. सकाळी मी विचारलं, लिहायचं राहिलं का. ताई म्हणाली, "काय लिहू? झोपले होते."